नागलीचं उटणं आणि माझी सही

‘मी सही करणार नाही’ हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलं आहे. बँकेत, शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिथे बोट ठेवतील तिथे मी सही करत आले. प्रयोगशाळेतल्या एका कागदावर मात्र केली नाही. त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही, उलट थोडी मिजासच आहे. ऑफिसात मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत.

आमची प्रयोगशाळा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मी राहते नाशिक रोडला, सकाळी मिळेल त्या बसने नाहीतर शेअर जीपने जाते. क्रीम, साबण, केसांचे रंग, फेसपॅक असलं काहीही बाजारात जायच्या आधी आमच्याकडे येतं. त्याने कातडीची आग होते का, हे आम्ही तपासतो. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, “मग सशांना लावता का?” नाही लावत. कॉलेजात असताना मी ससा हातात धरलेला आहे, त्याच्या पाठीवरचे केस कापलेले आहेत. तो धडपडला नाही, नुसता बसून राहिला, आणि तेच मला जास्त लागलं. सौंदर्यप्रसाधनांसाठी ते आता आपल्याकडे बंद आहे. फार बरं झालं.

आमच्याकडे कातडी खोक्यातून येते. ऑपरेशनमध्ये काढून टाकलेली कातडी असते ना, ती काही माणसं परवानगीने देऊन टाकतात. त्यातल्या पेशी वाढवून, थरावर थर चढवून कारखान्यात नवी कातडी तयार करतात. करंगळीच्या नखाएवढा गोल तुकडा, एका छोट्या प्लॅस्टिकच्या वाटीत. खालून ओली, वरून कोरडी, अगदी आपल्यासारखी. मंगळवारी खोकं येतं. ते उघडताना माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही. तुकडे रात्रभर उबदार कपाटात विसावतात, बुधवारी आम्ही त्यांना माल लावतो, ठरलेला वेळ झाला की मिठाच्या पाण्याने धुतो आणि परत कपाटात ठेवतो. शुक्रवारी त्यांना एक पिवळं द्रावण पाजायचं. जिवंत कातडी त्या पिवळ्याचं जांभळं करते, मेलेली करत नाही. जांभळा रंग किती आला ते यंत्र मोजतं. नुसतं पाणी लावलेल्या कातडीच्या निम्म्यापेक्षा कमी आला तर माल नापास. कातडी आमच्या कामाची खरी मालकीण आहे, आम्ही फक्त तिचं म्हणणं लिहून घेतो.

दिवाळीच्या दोनेक महिने आधी उटण्याचा एक नमुना आला. पाठवणारा सुरगाण्याकडचा बायकांचा बचत गट. नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, बस्स. नाशिकमधल्या एका व्यापाऱ्याने त्यांना दिवाळीची मोठी ऑर्डर दिली होती. गटाने इतकं मोठं काम पहिल्यांदाच घेतलं होतं. व्यापाऱ्याची अट एकच होती, प्रयोगशाळेचा कागद पाहिजे. कागद नसेल तर ऑर्डर नाही. माल आधीच दळून, डबे भरून तयार होता.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्यांच्या सांगायच्या तर आपली आधी सांगावी. कातडीला माल लावण्यापूर्वी एक साधी तपासणी करायची असते. चिमूटभर माल काचेच्या नळीत पिवळ्या द्रावणात टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचं. काही पदार्थ कातडी नसतानाही त्या द्रावणाचं जांभळं करतात. तसं झालं तर पुढचा सगळा निकाल फसवा. आमचे विभागप्रमुख, त्यांना मी सरच म्हणते, नमुन्याचा कागद बघून म्हणाले, “नागलीचं पीठ आहे हो मॅडम, त्याची काय नळी करता? खातात लोक.” आणि मी, जी दर बारीकसारीक गोष्टीवरून भांडते, ती मान हलवून मोकळी झाले. मी इथल्याच, सिन्नरकडच्या शेतकऱ्याघरची, नागलीची भाकरी खाऊन वाढलेली. नागलीवर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही. तपासणीच्या रकान्यात मी माझ्या हाताने ‘गरज नाही’ असं लिहिलं.

शुक्रवारी निकाल आला तो शंभराच्या वर. म्हणजे उटणं लावलेली कातडी नुसतं पाणी लावलेल्या कातडीहून जास्त जिवंत. सर खूश. “बघा, आपल्या मातीतला माल,” म्हणाले, आणि रिपोर्ट टाईप करायला सांगून चहाला गेले.

मला मात्र बुधवारचं धुणं आठवत होतं. धुताना तिन्ही तुकड्यांच्या कडा उचलल्या होत्या. एकाचा वरचा पापुद्रा तर सुटून पाण्याबरोबर हलत होता. निरोगी कातडी अशी सुटत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, पीठ चिकटलंय म्हणून पाण्याची धार मी जरा जोरात मारली असेल. आता कडा सुटलेली, पांढुरकी पडलेली कातडी आणि रंग मात्र गडद जांभळा? पोर तापाने फणफणलंय आणि गालावरची लाली बघून आपण म्हणतोय, तब्येत छान आहे.

मी उठले आणि न केलेली तपासणी केली. नळीत द्रावण, त्यात चिमूटभर उटणं. थोड्या वेळाने नळी जांभळी झाली. तिच्यात कातडीचा मागमूसही नव्हता.

नळी घेऊन मी सरांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी ती उजेडात धरली, परत दिली आणि म्हणाले, “हळदीचा असेल रंग.” मी म्हटलं, हळद पिवळी असते सर. ते हसले नाहीत.

“मॅडम, नवीन खोकं मागवायचं, परत तीन दिवस घालवायचे, ते पण कुणासाठी? त्या गरीब बायका आहेत. त्यांची पहिली ऑर्डर आहे. एका नळीसाठी तुम्ही त्यांच्या तोंडातला घास काढणार?”

हे मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. मोठ्या कंपनीचा माल असता तर मी दोन मिनिटांत उडवून लावला असता आणि वर आनंदाने जेवले असते. या बायकांच्या बाबतीत मात्र मलाही वाटत होतं की सुटावं त्यांचं काम. आणि तेवढ्यातच मला सणकन राग आला. गरिबांचा माल म्हणून चालवून घ्यायचं म्हणजे काय? त्यांच्याकडून चांगल्याची अपेक्षाच नाही, असंच ना? आणि हे उटणं लावणाऱ्या बाईच्या गालाला काय कळणार आहे की ते गरिबाने केलंय?

मी म्हटलं, “सर, सूट द्यायची तर बिलात द्या. माझ्या सहीत नाही.”

“रिपोर्टवर माझीही सही असते.”

“तुमची तुम्ही करा. माझी नाही.”

दोन सह्यांशिवाय आमचा रिपोर्ट बाहेर जात नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पुढचे काही दिवस सर माझ्याशी फक्त चिठ्ठीवर बोलले. मला पाण्याच्या तपासणीच्या विभागात पाठवायचं चाललंय, अशी कुजबुजही कानावर आली. तिथे दिवसभर बोअरवेलच्या बाटल्या. मी डबा खाताना मोठ्याने म्हटलं, की बोअरवेलचं पाणी पिणाऱ्यांनाही खरं सांगणारं कुणीतरी लागतंच. 

सरांनी नवीन खोकं मागवलं नाही. पण पुढच्या मंगळवारी एका शाम्पूच्या कामासाठी खोकं आलं, त्यातले काही तुकडे उरले. उरलेल्या तुकड्यांचा हक्क आमच्याकडे तपासणी करणाऱ्याचा असतो. सरावासाठी वापरा, नाहीतर फ्रीझरमध्ये गोठवून मारून ठेवा. मारलेल्या कातड्या माझ्याकडे होत्याच. मी जिवंत तुकड्यांना उटणं लावलं आणि मेलेल्यांनाही लावलं. मेलेल्या कातडीला जांभळा रंग येता कामा नये. आला, तर तो कातडीचा नव्हे, पिठाचा. तेवढा रंग जिवंतांच्या निकालातून वजा करायचा, की उरतं ते खरं.

शुक्रवारी मेलेल्या कातड्या मस्त जांभळ्या झाल्या. वजाबाकी केल्यावर जिवंतांच्या वाट्याला निम्म्याच्या निम्मंसुद्धा उरलं नाही. मी आकडे दोनदा तपासले. माझं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. डबे भरून बसलेल्या बायका डोळ्यांपुढे आल्या.

सरांनी आकडे वाचले, आणि ते तपासणीवर वाद घालतील असं वाटत असताना वेगळंच बोलले. “ठीक आहे. नापास रिपोर्ट काढायचाच नाही. त्यांना नमुना मागे घ्यायला सांगतो. आपल्याकडे असं काही आलंच नव्हतं.”

म्हणजे ते डबे दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार. तिथेही कुणीतरी म्हणणार, नागली आहे, खातात लोक. तिथला कागद पास होणार आणि दिवाळीच्या पहाटे ते घराघरांत अंगाला लागणार.

तपासणी करणाऱ्याने ग्राहकाशी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम. तो बरोबरच आहे, मीही नव्या मुलींना शिकवलेला. त्या दिवशी दुपारी मी गेटबाहेर जाऊन तो मोडला. गटाच्या प्रमुख बाईंचा नंबर नमुन्याच्या फॉर्मवर होता. माझ्या स्वतःच्या फोनवरून लावला. पलीकडे वारा जोरात होता आणि कोंबड्या ओरडत होत्या.

मी सांगितलं, मावशी, तुमच्या उटण्यात काहीतरी आहे. कातडी जळते त्याने.

ती म्हणाली, “आमी तं लहानपणापून लावतो, बाई. पोरींच्या लग्नात बी हेच. कोनाला काय नाय झालं.”

“मग या वेळी वेगळं काय केलंत?”

“काय नाय. नागली तेवढी लय लागली. सगळ्या घरांतून गोळा केली.” आणि लगेच, “मी येते. थैल्या घेऊन येते. तुमी बघा.”

सोमवारी ती आली. पन्नाशीची, ठेंगणी, काटक. पहाटेच जीपने निघालेली, मग दोन बसगाड्या बदललेल्या. हातात दोन मोठ्या पिशव्या, त्यात घराघरातली उरलेली नागली छोट्या पुरचुंड्यांत बांधलेली आणि भरलेल्या उटण्याचा एक डबा. सरांना भेटायची वेळ ठरलेली नव्हती, म्हणून गेटवाल्याने तिला आत सोडलं नाही. मग मीच बाहेर गेले. वॉचमनच्या खोलीच्या सावलीत आम्ही जुने पेपर अंथरले, एकेक पुरचुंडी सोडली आणि निवडायला बसलो. अंगात पांढरा कोट, पायात प्रयोगशाळेचे बूट आणि मांडीशी नागली. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

पाचव्या की सहाव्या पुरचुंडीत तिचा हात थांबला. तिने दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं. काळं, चपटं, बदामासारखं. बिब्बा.

 बिब्बा म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचं तेल लागलं की कातडी फोडांनी भरून येते. लहानपणी माझ्या चुलत बहिणीच्या हातावर बिब्बा उतला होता, ती आठवडाभर रडत होती.

“कणगीत टाकतो आमी,” ती हळू आवाजात म्हणाली. “किडा लागत नाय दाण्याला. सगळ्या नाय टाकत, दोन-चार घरं टाकतात. घरी दळायचं तं आधी निवडून घेतो ना. ह्या बारीला पोत्यांनी गिरणीत घातलं. म्हटलं, कोन येवढं निवडत बसंल.”

आमच्या सिन्नरकडे धान्यात कडुलिंबाचा पाला घालतात. मला कसं सुचावं?

“गिरणीवाला म्हनत होता, पीठ चिकट येतंय म्हून,” ती बोलत राहिली. “त्याच्या हातावर पुरळ बी आलं होतं. आमाला वाटलं घामोळं असंल.”

“आणि तुमच्या बायकांचे हात? डबे भरताना?”

“शेटनं मोजे दिलते हातात घालाया. सोच्छ दिसाया पायजे म्हनला. आनि ऑर्डरचा माल, लावून कोन बघतंय?”

हातमोजे! आयुष्यभर उघड्या हातांनी काम करणाऱ्या बायका, एकदाच मोजे घातले आणि नेमकं त्याच वेळी हातांना कळायचं राहून गेलं. मला हसावं की रडावं समजेना. ती मात्र हसली नाही. तो बिब्बा तिने पेपरच्या तुकड्यात गुंडाळला, हात मातीत घासले, आणि म्हणाली, “तुमच्या सायबाकडं न्या मला.”

मी गेटवाल्याला सांगितलं, माझ्या जबाबदारीवर सोड. रजिस्टरमध्ये पाहुण्याच्या पुढे माझं नाव लिहिलं.

सर आधी माझ्याकडे बघून लाल झाले. पण ती समोर उभी होती, म्हणून त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं. मग ते फार मऊ आवाजात बोलले, आणि तो मऊपणा मी कधी विसरणार नाही.

“मावशी, चूक कुणाचीही होते. आता असं करा, निवडलेल्या नागलीचा थोडा ताजा नमुना द्या. तो पास होईल. तोच कागद तुमच्या ऑर्डरला लावू. भरलेले डबे तसेच जाऊ देत. एवढ्या मालात दोन-चार बिब्बे, कुठे कुणाला कळणार आहे? मी तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

मी तोंड उघडणार होते. सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. तिने माझ्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून, आणि मी चक्क थांबले. आतल्या आत भीतीही वाटली. तिने हो म्हटलं असतं तर? ऑर्डर तिची होती, घरं त्यांची होती. मी माझ्या सहीचा ताठा मिरवून संध्याकाळी महिन्याचा पगार येणाऱ्या घरात परत जाणार होते. तिने हो म्हटलं असतं तर तिला बोल लावायचा मला काय अधिकार होता?

तिने पिशवीतून तो डबा काढला. गुलाबी झाकणाचा, वर गटाचं नाव छापलेला. सरांच्या टेबलावर, त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“सायेब, घरी बाई हाय ना तुमच्या?”

“आहे,” सर म्हणाले.

“मंग हा घेऊन जा. आज रातच्याला त्यांच्या तोंडाला लावा. सकाळी मला फोन करून सांगा, काय नाय झालं म्हून. मी तुमी द्याल तो कागद घेऊन जाते.”

सर डब्याकडे बघत राहिले. त्यांनी त्याला हात लावला नाही. पंख्याने कागद फडफडत होते, ते त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले, पण डब्याकडे हात गेला नाही. ती त्यांच्यासमोर सरळ बसून होती, अजिबात घाई नसल्यासारखी.

बऱ्याच वेळाने सरांनी खण उघडून पेन काढलं. “रिपोर्ट आणा, मॅडम.”

“नापासाचा,” ती म्हणाली. “आनि गटाचं नाव नीट लिवा त्यावर. शेटला मी दावनार हाय. माल आमीच मागं घेतला, असं आमी सांगू. कोनी पकडला म्हून नाय. आनि पुढल्या बारीला निवडून आनू.”

मी कागद आणला. माझी सही आधी, खाली सरांची. एका नापास कागदावर इतक्या आनंदाने मी कधी सही केली नव्हती, आणि इतक्या दुःखाने पण नाही. तिची दिवाळी गेली होती, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिने कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि उठली.

दारापर्यंत गेली आणि परत आली. टेबलावरचा डबा उचलून तिने पिशवीत टाकला.

“हा हितं नको,” ती मला म्हणाली. “तुमची झाडनारी बाई येईल, चांगला डबा दिसला म्हून घरी न्यायची. पोरीला लावायची.”

त्या बाईचा विचार माझ्या मनात आला नव्हता. ती रोज सकाळी माझ्या टेबलाखालून झाडू फिरवते.